जागणाऱ्यांचं संगीत
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

ऊस गाळपाच्या हंगामात बिद्रीला रात्र होत नाही, असं आम्ही गमतीनं म्हणतो. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचं धुराडं एकदा पेटलं, की हंगाम संपेपर्यंत ते विझत नाही. विझवून चालतही नाही, कारण तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटत असते. म्हणून रात्रीही गव्हाणीत ऊस पडत राहतो, पाळ्या बदलत राहतात आणि कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावर ट्रॅक्टरांची ये-जा चालू राहते. अशा वेळी रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर उभं राहावं. आधी गाणं ऐकू येतं, मग दिवे दिसतात आणि मग उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर समोरून जातो.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी झोप कमी झाली आहे. एकदा रात्री एकच्या सुमाराला अशाच टपरीवर बीडकडचा एक तरुण ड्रायव्हर चहाला थांबला होता. ट्रॅक्टरवरचं गाणं चालूच होतं. मी जरा शिक्षकी आवाजातच विचारलं, "का रे बाबा, एवढ्या मोठ्यानं गाणं कशाला?" तो म्हणाला, "काका, बंद केलं की डोळा लागतो बघा."

मी गप्प झालो. मी ज्याला गोंगाट म्हणत होतो, ते त्याच्यासाठी जागं राहण्याचं साधन होतं. रात्रीला ठेका का लागतो, हा प्रश्न त्या चहाबरोबर माझ्या मागे लागला. आज त्याबद्दलच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

खरं तर हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्याकडे एका विधीचं नावच जागरण आहे. खंडोबाच्या जागरणात दिमडी वाजते, गोंधळात संबळ वाजतो, एकादशीच्या भजनात टाळ-मृदंग असतो, तमाशात ढोलकी असते. धनगरांच्या ढोल-कैताळांचा आवाज तर आपल्या जिल्ह्यात सगळ्यांच्या ओळखीचा. या सगळ्यांत देव वेगळे, कथा वेगळ्या, प्रसंग वेगळे. पण काम एकच आहे. अंधारात माणसांना एकत्र बसवायचं आणि उजाडेपर्यंत जागं ठेवायचं. नुसत्या शब्दांनी हे होत नाही. पुन्हा पुन्हा येणारा ठोका लागतो. पुढचा ठोका कधी येणार हे शरीराला कळलेलं असतं, आणि शरीर त्याची वाट बघत राहतं. वाट बघणारा माणूस सहसा झोपत नाही.

आता या जागरणात यंत्र कसं आलं, ते पाहू. ही गोष्ट मला माझ्या भाच्यामुळे कळली. तो पुण्यात नोकरी करतो. एका दिवाळीत घरी आला, तेव्हा त्यानं माझ्या कानाला इअरफोन लावले आणि म्हणाला, "मामा, राग ओळखा." सुरुवातीला नुसतंच धप-धप-धप-धप. मी इअरफोन काढणार, एवढ्यात त्या धपधपीवर सूर आले. कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. रिषभ नाही, पंचम नाही. मी म्हटलं, "अरे, हा तर मालकंस!" भाचा म्हणाला, "बरोबर. आणि मामा, हे १९८२ सालचं आहे. आपल्या मुंबईतलं."

ती ध्वनिमुद्रिका होती चरणजित सिंग यांची. नाव 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. सरळ मराठीत सांगायचं तर 'डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग'. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांकडे त्यांनी गिटार, बेस गिटार आणि पुढे सिंथेसायझर वाजवला. गाणं आपल्याला पाठ असतं, गायकाचं आणि संगीतकाराचं नाव ठाऊक असतं. पण मागे वाजवणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. सिंग त्यांच्यातले एक.

त्या काळात हिंदी चित्रपटांत डिस्कोचं वारं होतं. १९८० साली 'कुर्बानी' आला, १९८१ साली नाझिया हसनची 'डिस्को दीवाने' आली, १९८२ च्या अखेरीला 'डिस्को डान्सर'. सिंग यांच्या मनात आलं, की ठेका डिस्कोचा ठेवावा, पण तबला बाजूला सारून त्यावर राग वाजवून बघावेत. सिंगापूरहून घेतलेली तीन जपानी यंत्रं त्यांच्याकडे होती. तिन्ही रोलंड या कंपनीची. एक ठेका वाजवणारं, 'टीआर-८०८'. दुसरं खर्जातले सूर वाजवणारं, 'टीबी-३०३'. आणि तिसरा 'ज्युपिटर-८' नावाचा सिंथेसायझर. एवढ्या साहित्यावर हा माणूस एचएमव्हीच्या स्टुडिओत गेला आणि दोन दिवसांत मुद्रण करून मोकळा झाला.

ही यंत्रं काम कशी करतात, हे समजून घेण्यासारखं आहे. ८०८ मध्ये कुठलाही ढोल मुद्रित करून ठेवलेला नाही. विजेच्या मंडलातून एक लहर निघते आणि झपाट्यानं विरते. तिचा आवाज ढोलासारखा भासतो एवढंच. ३०३ तर मुळात एकट्यानं रियाझ करणाऱ्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र. दोन्हींत एका आवर्तनाला सोळा घरं असतात. कुठल्या घरात आवाज हवा आणि कुठल्या घरात शांतता, हे आधी भरून ठेवायचं. मग यंत्र ते न थकता फिरवत राहतं.

सोळा म्हटल्यावर आपल्या कानात लगेच तीनताल वाजतो. त्याच्याही मात्रा सोळा, चार-चारचे चार विभाग. पण एक मोठा फरक आहे. तीनतालात नवव्या मात्रेवर खाली येते. तिथे टाळी पडत नाही, हात उलटा होतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की आपण आवर्तनाच्या अर्ध्यावर आलो. डिस्कोत खाली नाही. चारही ठोके सारख्याच वजनाचे, मिनिटाला साधारण एकशेवीस. सम कुठली हे शोधावं लागत नाही. पाय केव्हाही आत टाका, आपण तालातच असतो. म्हणूनच ज्याला तालाचं काही कळत नाही, तोही यावर नाचू शकतो. हे या ठेक्याचं मोठेपण आहे आणि तीच त्याची मर्यादाही आहे.

३०३ ची आणखी एक खोड आहे. दोन घरांतले सूर जोडायला सांगितले, तर ते एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, घसरत जातं. आपण ज्याला मींड म्हणतो, तिच्या जवळ जाणारी ही गोष्ट. हार्मोनियमवर मींड निघत नाही, म्हणून आपल्याकडे त्या पेटीवर किती वाद झाले! इथे मात्र एका जपानी यंत्रात ती घसरण आयती होती, आणि रागदारी कानात असलेल्या मुंबईच्या वादकाच्या हाती ते यंत्र आलं होतं.

मात्र मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो वेगळ्याच गोष्टीनं. आपल्या संगीतात राग हे एक घड्याळ आहे. दिवसाचे आठ प्रहर आणि प्रत्येकाचे राग ठरलेले. आपलं कोल्हापूर म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांचं गाव, देवल क्लबचं गाव. इथल्या जुन्या श्रोत्यांना अवेळी गायलेला राग खटकायचा. आता सिंग यांचे दहा राग बघा. ललित आणि भैरव पहाटेचे, बैरागी आणि तोडी सकाळचे, मधुवंती दुपारनंतरचा, यमन आणि भूपाळी संध्याकाळनंतरचे, कलावती रात्रीचा, मालकंस मध्यरात्रीचा आणि मेघमल्हार पावसाचा. म्हणजे जवळजवळ सगळा दिवस. उलट, नाचघरात दिवस आत येऊच देत नाहीत. बाहेर उजाडलं की नाही, हे आतल्याला कळू नये अशीच तिथली मांडणी. घड्याळ नसलेल्या खोलीत या माणसानं घड्याळ नेऊन टांगलं! मध्यरात्री नाचणाऱ्याला ललित ऐकवायचा, म्हणजे बाहेर पहाट होऊ घातली आहे, ही आठवण करून देणंच झालं.

लोकांना हे काही रुचलं नाही. मुद्रिका चालली नाही. रागवाल्यांना ती थट्टा वाटली असेल आणि नाचणाऱ्यांना त्यात गाणं सापडलं नसेल. गंमत म्हणजे ती यंत्रंही चालली नाहीत. १९८४ पर्यंत ८०८ आणि ३०३ या दोन्हींचं उत्पादन बंद झालं आणि ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. अमेरिकेतल्या शिकागोच्या काही कृष्णवर्णीय तरुणांनी ती उचलली. १९८७ साली 'फ्यूचर' नावाच्या गटानं ३०३ च्या कळी मुद्दाम वेड्यावाकड्या फिरवत एक मुद्रिका काढली आणि त्यातून 'अ‍ॅसिड हाउस' नावाचा प्रकार जगभर पसरला. सिंग यांची मुद्रिका त्या मुलांनी ऐकलेली नव्हती. पुढे २००२ साली एडो बाउमन या डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली आणि २०१० साली त्यानं ती पुन्हा प्रकाशित केली. तेव्हा ऐकणारे चक्रावले. हे तर शिकागोच्याही पाच वर्षं आधीचं! काहींना हा कुणीतरी नव्यानं केलेला बनाव वाटला. सत्तरी गाठलेले चरणजित सिंग त्यानंतर युरोपात जाऊन वाजवून आले. २०१५ च्या जुलैत मुंबईत त्यांचं निधन झालं. उशिरा का होईना, त्यांना त्यांचे श्रोते भेटले.

शिकागोचा उल्लेख झाला, तर तिथले नाचणारे कोण होते, हेही सांगायला हवं. तिथल्या 'वेअरहाउस' नावाच्या क्लबमध्ये १९७७ पासून फ्रँकी नकल्स हा तरुण ध्वनिमुद्रिका वाजवायचा. 'हाउस' हे संगीताचं नावच त्या क्लबवरून पडलं असं मानतात. तिथे जमणारे बहुतेक कृष्णवर्णीय समलिंगी तरुण होते. घरात आणि कामाच्या ठिकाणी त्यांना मोकळेपणानं वावरता येत नव्हतं. त्यांच्यासाठी रात्र ही चैन नव्हती. दिवसा ज्याला जागा नाही, त्याला रात्र जागा देत होती.

ही गोष्ट शब्दांत मांडली ती दोन इंग्रज कलावंतांनी, 'पेट शॉप बॉइज' या जोडीनं. नील टेनंट हा गाणी लिहितो आणि गातो, ख्रिस लो यंत्रं वाजवतो. एक पत्रकार, दुसरा वास्तुशास्त्राचा विद्यार्थी. १९८१ साली लंडनच्या किंग्ज रोडवर, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका दुकानात त्यांची गाठ पडली. १९८६ च्या सुरुवातीला त्यांचं 'वेस्ट एंड गर्ल्स' इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे १९९९ च्या ऑक्टोबरात त्यांनी 'नाइटलाइफ' नावाचा अल्बम काढला. तेव्हा टेनंट पंचेचाळीस वर्षांचा होता आणि लो चाळिशीत पाऊल टाकत होता. नाचाच्या संगीतात हे वय म्हणजे आजोबांचंच.

नावावरून वाटेल, की यात नुसता झगमगाट असेल. तो आहेच, त्यातलं न्यूयॉर्कवरचं गाणं म्हणजे जुन्या डिस्कोला केलेला सरळ नमस्कार आहे. पण बाकीची गाणी ऐका. एका गाण्यात बोलणाऱ्याची तक्रार अशी, की समोरच्याला आपल्यावरचं प्रेम दारू प्याल्यावरच आठवतं. एका गाण्यात मुलगी आणि बाप बोलताहेत. बाप समलिंगी आहे, ते स्वतःशीही कबूल करायला कचरतो आहे, आणि मुलगी त्याला समजावते आहे. त्यात मुलीचा आवाज ऑस्ट्रेलियाची गायिका कायली मिनोग हिचा आहे. शेवटचं गाणं पावलांच्या आवाजाविषयी आहे, कुणाच्या तरी येण्याची वाट बघणाऱ्याचं. ठेका नाचाचा आणि आशय एकटेपणाचा, असा हा मेळ आहे. यातल्या काही गाण्यांवर पुढे २००१ मध्ये लंडनला एक संगीत नाटकही झालं. ते घडतं रात्रीच्या क्लबमध्येच. ही जोडी आजही थांबलेली नाही. २०२४ मध्येही त्यांचा नवा अल्बम आला.

मला यात आपल्या ओळखीचं काहीतरी दिसतं. आपल्या लावणीतही ढोलकी नाचवते आणि शब्द कितीदा वाट पाहण्याचे असतात! समोरचा शिट्टी मारत असतो आणि बोर्डावरची बाई विरह सांगत असते. रात्रीचं चांगलं संगीत बहुधा असंच असतं. ते पायांना एक सांगतं आणि मनाला दुसरं.

इथपर्यंत मी जागणाऱ्यांची बाजू सांगितली. पण रात्री सगळेच जागे नसतात. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी आई शेवटच्या आजारात होती. एका रात्री मिरवणूक आली आणि घराच्या खिडक्या थरथरायला लागल्या. भांड्यांच्या फडताळातले पेले वाजत होते. आईनं माझा हात धरला आणि म्हणाली, "छातीत वाजतंय." मी तरातरा खाली गेलो. ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे नाचणाऱ्यांत मला पहिला दिसला तो माझा भाचाच. तेव्हा तो कॉलेजात होता. त्यानं मला पाहिलं, घराकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. भिंत काही थांबली नाही. तो मात्र माझ्याबरोबर वर आला आणि रात्रभर आजीजवळ बसला.

आईच्या त्या वाक्यामागे साधं विज्ञान आहे. ध्वनीची लहर हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जाते. खर्जाचा, सेकंदाला पन्नास कंपनांचा आवाज घेतला, तर त्याच्या एका लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर भरते. पाच हजार कंपनांच्या तीव्र आवाजाची लहर सात सेंटिमीटर. छोट्या लहरी भिंतीवर, पडद्यावर, झाडांवर आपटून जिरतात. मोठ्या लहरींना आपल्या विटांच्या भिंती फारशा अडवत नाहीत. म्हणून दूरच्या मिरवणुकीतलं गाणं घरात येत नाही, नुसती धपधप येते. नाचणाऱ्याला पूर्ण गाणं मिळतं, आजाऱ्याच्या वाट्याला फक्त ठोका येतो.

यासाठी कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. सणांच्या ठरावीक दिवशी, वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानंही रात्रीच्या शांततेचा हक्क उचलून धरला. यातला ४५ आणि ५५ हा फरक दहाचा दिसतो, पण डेसिबलची मोजणी वेगळी असते. दहा डेसिबल वाढले, की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. वीस वाढले, की शंभरपट. 'जरासा आवाज वाढवलाय' म्हणणाऱ्यानं हा हिशेब लक्षात ठेवावा.

आणि एक गंमत. या भिंतींना आपण सरसकट 'डॉल्बी' म्हणतो. रे डॉल्बी या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६५ साली आपली कंपनी काढली आणि नाव मिळवलं ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. नको असलेला आवाज घालवण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याचं नाव आपण कशाला दिलं बघा!

मला वाटतं, भाच्यानं त्या दिवाळीत मला तो मालकंस ऐकवला, त्यामागे ती रात्र होती. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. पण इअरफोन माझ्या कानाला लावताना त्यानं आधी आवाज कमी केला होता, हे माझ्या लक्षात आलं.

रात्रीच्या संगीताला वाईट म्हणणं सोपं आहे, आणि ते मी बरीच वर्षं केलं. आता तसं म्हणवत नाही. कामासाठी जागणारा, एकटेपणानं जागणारा, देवासाठी जागणारा, दिवसा जागा न मिळालेला, या सगळ्यांना ठेका लागतो. तो दिमडीचा असो नाहीतर यंत्राचा. त्यांच्यापैकी कुणाचंही जागणं खोटं नाही. पण त्याच अंधारात कुणी झोपलेलाही असतो आणि त्याची झोपही तितकीच खरी. आपल्या जुन्या तालात खाली होती. एका जागी हात उलटा करून न वाजवणं, हाही तालाचाच भाग होता. यंत्राला ते शिकवलेलं नाही. ते आपणच करायचं आहे.

पुढे तो ड्रायव्हर मला पुन्हा भेटला. मी त्याला म्हटलं, "गाणं लाव बाबा, पण मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल एवढंच लाव. आणि फारच झोप आली, तर गाणं वाढवू नकोस, ट्रॅक्टर बाजूला घे आणि अर्धा तास आडवा हो." तो हसला, गाणं थोडं बारीक केलं आणि कारखान्याकडे निघाला. वळणापलीकडे दिवे दिसेनासे झाले. गाणं मात्र त्यानंतरही थोडा वेळ ऐकू येत होतं.